तरंगलांबी: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रयोगवही पूर्ण करणारे विद्यार्थी, मुलांचा अभ्यास घेणारे पालक आणि नुसत्या कुतूहलापोटी लिहिणारे वाचक तरंगलांबीबद्दल जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

वाचायला लागण्याआधी एक वाक्य लक्षात ठेवा: वारंवारता (सेकंदाला किती तरंग सुटतात ते) स्रोत ठरवतो, वेग माध्यम ठरवतं, आणि तरंगलांबी या दोघांच्या हिशेबातून निघते. तरंगलांबीबाबतचा गोंधळ बहुतेक वेळा तिला स्वतंत्र धरल्यामुळे होतो.

१. तरंगलांबी म्हणजे दोन उंचवट्यांमधलं अंतर, एवढंच ना?

हो, पण दोन अटी सांभाळून. पहिली अट, उंचवटे लागोपाठचे हवेत. दुसरी, ते अंतर एकाच क्षणाचं हवं, म्हणजे तरंगाचा जणू फोटो काढून त्यावर पट्टी ठेवली आहे असं समजा. उंचवट्याऐवजी दोन लागोपाठचे खळगे घेतले तरी उत्तर तेच येतं. मुळात तरंगावरचा कुठलाही बिंदू निवडता येतो, फक्त पुढचा बिंदू अगदी त्याच अवस्थेतला हवा. इथेच चूक होते. तरंग मधली रेषा ओलांडतो ती जागा धरली आणि त्यापुढे तो पुन्हा रेषा ओलांडतो तिथवर मोजलं, तर हाती निम्मीच तरंगलांबी येते. पहिल्या जागी तरंग वर चढत होता, दुसऱ्या जागी तो खाली उतरतो आहे. अवस्था सारखी नाही.

तरंगलांबीसाठी ग्रीक अक्षर लॅम्डा वापरतात आणि एकक मीटर. प्रकाशासाठी नॅनोमीटर सोयीचं पडतं. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.

२. ध्वनीला उंचवटे नसतात. मग त्याची तरंगलांबी कुठून कुठपर्यंत मोजायची?

एका संपीडनाच्या मध्यापासून पुढच्या संपीडनाच्या मध्यापर्यंत. हवेचे कण जिथे दाटतात ते संपीडन आणि जिथे विरळ होतात ते विरलन. ध्वनी हवेतून जाताना हवा वरखाली होत नाही. ध्वनी ज्या दिशेने जातो त्याच दिशेने ती मागेपुढे हलते. पुस्तकात ध्वनीसाठी नागमोडी रेषा काढलेली असते, पण ते ध्वनीचं चित्र नाही, दाबाचा आलेख आहे. ही गोष्ट शिकवताना मोठ्याने सांगायला हवी, कारण ती नागमोडी रेषा मनात एकदा बसली की पुढे काढता काढता नाकी नऊ येतात.

३. आलेखात दोन उंचवट्यांमधलं अंतर अगदी बरोबर मोजलं, तरी उत्तर चूक ठरवलं. असं का?

आडव्या अक्षावर काय लिहिलंय ते पाहा. तिथे अंतर असेल, तर तुम्ही मोजलीत ती तरंगलांबी. तिथे वेळ असेल, तर तुम्ही मोजलात तो आवर्तकाल, म्हणजे एकाच जागेवरच्या कणाला एक हेलकावा पूर्ण करायला लागणारा वेळ. दोन्ही आलेख दिसायला हुबेहूब सारखे असतात, त्यामुळे चांगली तयारी केलेली मुलंही इथे फसतात.

वेळेच्या आलेखावरूनही तरंगलांबी काढता येते, पण वेग माहीत असावा लागतो. समजा दोन उंचवट्यांमध्ये ०.०२ सेकंद आहेत. म्हणजे वारंवारता ५० हर्ट्झ, सेकंदाला ५० हेलकावे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर तरंगलांबी ३४० भागिले ५०, म्हणजे ६.८ मीटर. ऑसिलोस्कोपच्या किंवा मोबाइलवरच्या ध्वनी-अ‍ॅपच्या पडद्यावर दिसणारी लाटही वेळेचीच असते. त्या पडद्यावर पट्टी लावून तरंगलांबी मिळत नाही.

४. वारंवारता, वेग आणि तरंगलांबी यांचं सूत्र पाठ आहे, पण ते खरं का आहे?

चालणाऱ्या माणसाकडे पाहा. त्याच्या एका पावलाची लांबी ७० सेंटिमीटर असेल आणि तो सेकंदाला २ पावलं टाकत असेल, तर सेकंदाला १४० सेंटिमीटर अंतर कापेल. तरंगाचंही तसंच आहे. स्रोत सेकंदाला जितके तरंग सोडतो ती वारंवारता, प्रत्येक तरंगाने व्यापलेली जागा ती तरंगलांबी, आणि दोघांचा गुणाकार म्हणजे एका सेकंदात कापलेलं अंतर:

वेग = वारंवारता × तरंगलांबी

या एका ओळीवरून बरंच काही कळतं. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हवेत त्याची तरंगलांबी सुमारे १७ मीटरपासून १.७ सेंटिमीटरपर्यंत येते. १०० मेगाहर्ट्झच्या एफएम रेडिओचा तरंग ३ मीटर लांब असतो, तर २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायचा १२.५ सेंटिमीटर. दृश्य प्रकाश ढोबळमानाने ४०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये येतो. सोनोग्राफीत ५ मेगाहर्ट्झचा ध्वनी वापरला, तर शरीराच्या ऊतींत त्याचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असल्याने तरंगलांबी ०.३ मिलिमीटर भरते. एवढे बारकावे सोनोग्राफीत दिसू शकतात ते त्यामुळेच.

५. आवाज मोठा केला की तरंगलांबी वाढते का?

नाही. मोठ्या आवाजाने आयाम, म्हणजे हेलकाव्याचा मोठेपणा, वाढतो, तरंगलांबी तशीच राहते. एलईडी दिवा प्रखर केला तरी त्याच्या प्रकाशाचा रंग बदलत नाही, तसंच हे. लाटेची उंची आणि लाटेची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

६. तरंग एका माध्यमातून दुसऱ्यात गेला की वारंवारता बदलते की तरंगलांबी?

तरंगलांबी. वारंवारता बदलू शकत नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. दोन माध्यमांच्या सीमेवर उभं राहून मोजणी करताय असं समजा. एका बाजूने सेकंदाला ५०० उंचवटे येताहेत. दुसऱ्या बाजूने ४०० च निघाले, तर उरलेले १०० गेले कुठे? सीमेवर उंचवटे साठून राहू शकत नाहीत आणि नव्याने तयारही होऊ शकत नाहीत. म्हणून जेवढे आले तेवढेच पुढे जातात. वेग मात्र नव्या माध्यमाप्रमाणे बदलतो, आणि मग तरंगलांबीला बदलावंच लागतं.

ध्वनी हवेतून पाण्यात शिरला की वेग वाढतो. १,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत सुमारे ३४ सेंटिमीटर असते, पाण्यात ती जवळपास दीड मीटर होते. प्रकाशाचं उलटं. पाण्यात त्याचा वेग कमी होतो, त्यामुळे त्याची तरंगलांबी आखडते. पाण्यातली तरंगलांबी हवी असेल, तर निर्वातातल्या तरंगलांबीला पाण्याच्या अपवर्तनांकाने, म्हणजे १.३३ ने भागायचं.

७. या हिशेबाने ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश पाण्यात ४८९ नॅनोमीटरचा होतो. तो तर निळ्याचा आकडा! मग पोहताना लाल वस्तू निळी का दिसत नाही?

हा माझा आवडता प्रश्न, कारण विचारणाऱ्याने सूत्र नुसतं वापरलेलं नसतं, त्याच्या परिणामाचा विचार केलेला असतो. डोळ्यातल्या पेशी प्रकाशाच्या ऊर्जेला प्रतिसाद देतात, आणि ऊर्जा वारंवारतेवर ठरते. पाण्यात शिरल्याने वारंवारता बदलली नाही, म्हणून रंगही बदलला नाही. शिवाय प्रकाश हवेतून आला काय किंवा पाण्यातून आला काय, दृष्टिपटलावर पोहोचण्याआधी तो डोळ्यातल्या द्रवातूनच जातो. तिथे त्याची तरंगलांबी दोन्ही वेळा सारखीच असते.

‘लाल म्हणजे ६५० नॅनोमीटर’ असं आपण म्हणतो तेव्हा ‘निर्वातात किंवा हवेत’ हे शब्द गृहीत असतात. खोल समुद्रात लाल वस्तू काळपट दिसतात हे खरं आहे, पण त्याचं कारण वेगळं. पाणी लाल प्रकाश जास्त शोषून घेतं.

८. घरी पाण्यावरच्या तरंगांची तरंगलांबी मोजायची आहे. सर्वांत सोपी रीत कोणती?

पसरट ट्रेमध्ये पाणी घ्या, कडेला पट्टी दिसेल अशी ठेवा, एका टोकाला पेन्सिल एकसारख्या लयीत टेकवत राहा आणि वरून फोटो काढा. मग फोटोतल्या पट्टीच्या आधाराने अंतर मोजा. तरंग एका जागी थांबत नाही, म्हणून हलत्या पाण्यावर पट्टी धरण्यापेक्षा फोटो बरा.

एकच तरंग मोजू नका. दहा तरंगांचं एकूण अंतर मोजून दहाने भागा. पट्टी वाचताना झालेली एका मिलिमीटरची चूकही दहात वाटली जाते. मोजताना उंचवटे न मोजता त्यांच्यामधल्या जागा मोजा. अकरा उंचवट्यांमध्ये दहा तरंगलांब्या असतात. कुंपणाचे खांब आणि खांबांमधले गाळे यांचा हा जुनाच घोळ, प्रयोगवहीत मी तो अगणित वेळा पाहिला आहे.

९. नादकाटा आणि पाण्याची नळी घेऊन ध्वनीची तरंगलांबी कशी काढतात? माझी उत्तरं दरवेळी थोडी कमी येतात.

उभ्या नळीत पाणी असतं आणि पाण्याची पातळी वरखाली करता येते. ५१२ हर्ट्झचा नादकाटा रबरावर आपटून नळीच्या तोंडावर धरायचा आणि पाणी हळूहळू खाली न्यायचं. एका ठिकाणी आवाज अचानक भरून येतो. ते पहिलं अनुस्पंदन. पाणी आणखी खाली नेलं की बऱ्याच अंतरावर आवाज पुन्हा भरतो. ते दुसरं.

पहिल्या वेळी नळीतल्या हवेच्या स्तंभात तरंगलांबीचा एक चतुर्थांश भाग मावतो, दुसऱ्या वेळी तीन चतुर्थांश. पाण्याशी हवा हलू शकत नाही, म्हणून तिथे निस्पंद. तोंडाशी ती मोकळी हलते, म्हणून तिथे प्रस्पंद.

उत्तर कमी येण्याचं कारण असं, की प्रस्पंद नळीच्या काठावर नसतो, काठाच्या किंचित बाहेर असतो. हे बाहेरचं अंतर नळीच्या आतल्या व्यासाच्या सुमारे ०.३ पट असतं. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, म्हणजे ५१२ हर्ट्झला तरंगलांबी ६७ सेंटिमीटर आणि तिचा चतुर्थांश १६.७. नळीचा व्यास ३ सेंटिमीटर असेल, तर ०.९ सेंटिमीटर बाहेर जातं आणि पट्टीवर वाचन मिळतं १५.८. तुम्ही १५.८ ला चारने गुणलंत, तर ६३ च्या आसपास उत्तर येणारच.

उपाय साधा आहे. दोन्ही वाचनं घ्या आणि वजाबाकी करा. दुसरं अनुस्पंदन ४९.३ सेंटिमीटरला येईल. ४९.३ वजा १५.८ म्हणजे ३३.५, आणि ही बरोबर अर्धी तरंगलांबी. बाहेरचं अंतर दोन्ही वाचनांत सारखंच असल्याने वजाबाकीत आपोआप निघून जातं. जमलं तर विद्यार्थ्यांना हा प्रयोग एकदा नुसत्या पहिल्या वाचनावर आणि एकदा वजाबाकीने करायला द्यावा. दोन आकड्यांतला फरक पाहून जे कळतं, ते नुसतं सांगून कळत नाही.

खोलीचं तापमानही नोंदवा. ३० अंशांना ध्वनीचा वेग सुमारे ३४९ मीटर होतो आणि तीच तरंगलांबी ६८.२ सेंटिमीटरपर्यंत जाते. पुस्तकातल्या आकड्याशी जुळलं नाही, म्हणजे प्रयोग चुकला असं नाही.

१०. स्थिर तरंगात दोन लागोपाठच्या निस्पंदांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी का नाही?

कारण निस्पंदाच्या अलीकडचा भाग वर जातो तेव्हा पलीकडचा खाली जातो. अवस्था सारखी होण्यासाठी आणखी एक निस्पंद ओलांडावा लागतो. दोन निस्पंदांमध्ये अर्धीच तरंगलांबी असते. प्रश्न १ मधली चूक आणि ही चूक जुळ्या बहिणी आहेत.

मोजमापाला मात्र स्थिर तरंग, म्हणजे जाणारा आणि परतणारा तरंग मिसळून होणारे, फार सोयीचे. ते जागा सोडत नाहीत, त्यामुळे निवांत मोजता येतं. ऑगस्ट कुंड्ट यांनी १८६६ मध्ये काचेच्या नळीत बारीक भुकटी पसरून आत ध्वनी सोडला. भुकटीच्या ढिगांची एकसारखी रांग तयार झाली आणि दोन ढिगांमधलं अंतर मोजून ध्वनीची अर्धी तरंगलांबी मिळाली. पुढे १८८८ च्या सुमारास हाइनरिख हर्ट्झ यांनी हीच कल्पना विद्युतचुंबकीय तरंगांना लावली. त्यांनी तरंग जस्ताच्या पत्र्यावरून परतवले आणि तरंग टिपणाऱ्या तारेच्या कड्यात ठिणगी कुठे जोरात पडते, कुठे पडत नाही हे पाहत तरंगलांबी काढली.

११. वाद्याच्या तारेवरच्या तरंगाची लांबी आणि त्यातून ऐकू येणाऱ्या आवाजाची तरंगलांबी एकच असते का?

नाही. ६० सेंटिमीटर लांब तार दोन्ही टोकांना बांधलेली असेल, तर मूळ स्वरासाठी तारेवरच्या तरंगाची लांबी १२० सेंटिमीटर असते. तोच स्वर ४४० हर्ट्झचा असेल, तर हवेत त्याची तरंगलांबी सुमारे ७८ सेंटिमीटर. तारेतला वेग वेगळा, हवेतला वेगळा. सारखी असते ती वारंवारता. प्रश्न ६ मधलंच तत्त्व.

१२. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान असते. ती साध्या पट्टीने मोजता येते, हे खरं आहे?

खरं आहे, आणि मला हे भौतिकशास्त्रातलं एक मोठं सौंदर्य वाटतं. युक्ती अशी, की तरंगलांबी थेट मोजायचीच नाही. दोन वाटांनी आलेला प्रकाश एकमेकांत मिसळू द्यायचा. दोन्हींचे उंचवटे जिथे एकत्र येतात तिथे उजेड पडतो, एकाच्या उंचवट्यावर दुसऱ्याचा खळगा येतो तिथे काळोख. याला व्यतिकरण म्हणतात. उजेड-काळोखाचे हे पट्टे डोळ्यांना दिसण्याइतके मोठे असतात आणि त्यांच्या अंतरात तरंगलांबी दडलेली असते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थॉमस यंग यांनी ही वाट दाखवली. दोन फटींमध्ये ०.२५ मिलिमीटर अंतर असेल आणि पडदा २ मीटर दूर असेल, तर लाल लेझरचे पट्टे एकमेकांपासून ५.२ मिलिमीटरवर पडतात. एवढं कुठल्याही पट्टीने मोजता येतं.

घरी करायचं असेल, तर जुनी सीडी घ्या. सीडीवरच्या खाचांच्या ओळी एकमेकींपासून १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पुठ्ठ्याला छोटं भोक पाडा आणि त्यातून लाल लेझर पॉइंटरचा किरण समोर ५० सेंटिमीटरवर उभ्या केलेल्या सीडीवर टाका, मधल्या भोकाच्या आणि कडेच्या साधारण मध्ये. सीडी अशी फिरवा की मुख्य प्रतिबिंब परत भोकावरच येईल. आता पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंना एकेक ठिपका दिसेल. दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजून निम्मं करा. ६५० नॅनोमीटरच्या लेझरला ते सुमारे २२.२ सेंटिमीटर येतं.

हिशेब असा: २२.२ आणि ५० या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण ५४.७. कोनाची साइन म्हणजे २२.२ भागिले ५४.७, जवळपास ०.४०६. तिला १,६०० नॅनोमीटरने गुणलं की ६५० च्या अगदी जवळचा आकडा मिळतो.

लेझर किंवा त्याचं सीडीवरचं प्रतिबिंब डोळ्यांत जाऊ देऊ नका. लहान मुलं असतील, तर लेझर स्टँडवर घट्ट बसवा आणि तो कुणाच्याही हातात देऊ नका.

१३. सीडीचा प्रयोग तीनदा केला, दरवेळी ७१० च्या आसपास उत्तर येतं. लेझरवर तर ६५० लिहिलंय.

तुम्ही साइनऐवजी टॅन्जंट वापरलाय. २२.२ ला थेट ५० ने भागलं की ०.४४४ येतं आणि १,६०० ने गुणल्यावर ७१०. यंगच्या फटींच्या प्रयोगात कोन इतका लहान असतो की साइन आणि टॅन्जंट यांत फरक जाणवत नाही, म्हणून तिथली सवय इथे येते. सीडीवर कोन २४ अंशांचा असतो, तिथे ती सवय चालत नाही.

उत्तर निम्म्याहून कमी किंवा दुपटीहून जास्त येत असेल, तर तबकडी सीडीची आहे की डीव्हीडीची ते बघा. डीव्हीडीच्या ओळी ०.७४ मायक्रोमीटरवर असतात आणि त्याच लेझरचा ठिपका २२ ऐवजी ९० सेंटिमीटरच्याही पलीकडे जाऊन पडतो, बऱ्याचदा पुठ्ठ्याबाहेर. आणि दोन बाजूंचे ठिपके भोकापासून सारख्या अंतरावर नसतील, तर सीडी तिरकी उभी आहे.

१४. पांढऱ्या प्रकाशाची तरंगलांबी किती? आणि गुलाबीची?

पांढऱ्या प्रकाशाची अशी एक तरंगलांबी नसते. तो अनेक तरंगलांब्यांचं मिश्रण असतो. गुलाबी आणि किरमिजीसाठीही वर्णपटात जागा नाही. लाल आणि निळा-जांभळा प्रकाश एकत्र डोळ्यांवर पडला की मेंदू तो रंग तयार करतो. मोबाइलच्या पडद्यावरचा पिवळाही तसाच. पडदा लाल आणि हिरवे ठिपके एकदम पेटवतो, त्यात ५८० नॅनोमीटरचा प्रकाश जवळजवळ नसतो, तरीही आपल्याला पिवळं दिसतं. सोडियमच्या दिव्याचा पिवळा मात्र खराखुरा, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर अशा दोन जवळजवळच्या तरंगलांब्यांचा. रंगावरून तरंगलांबी सांगता येत नाही, त्यासाठी वर्णपटच पाहावा लागतो.

१५. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये तापलेल्या ठिपक्यांवरून प्रकाशाचा वेग काढतात, तो प्रयोग भरवशाचा आहे का?

कल्पना बरोबर आहे. ओव्हनची वारंवारता बहुधा २,४५० मेगाहर्ट्झ असते, म्हणजे तरंगलांबी १२.२ सेंटिमीटर. फिरती तबकडी काढून आत ओलसर केलेला थर्मल कागद, म्हणजे पावत्या छापतात तो, पुठ्ठ्यावर पसरून ठेवला की जास्त तापलेल्या जागी तो काळा पडतो. डागांमधलं अंतर साधारण ६ सेंटिमीटर आलं, तर ती अर्धी तरंगलांबी; ती दुप्पट करून वारंवारतेने गुणली की वेग मिळतो. काही सेकंदांतच बंद करा, जवळजवळ रिकामा ओव्हन चालवणं त्याला मानवत नाही.

पण आतले तरंग एका सरळ रेषेत मागेपुढे जात नाहीत, सहाही बाजूंवरून परततात. तिरक्या तरंगांमुळे एका दिशेने मोजलेलं निस्पंदांमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीपेक्षा जास्त भरू शकतं. त्यामुळे ७ किंवा ८ सेंटिमीटर आले, तर मोजणी चुकली असं समजून आकडे ओढूनताणून जुळवू नका. आला तसा आकडा लिहा आणि कारण लिहा.

१६. त्याच ओव्हनच्या दारातल्या जाळीतून आतलं दिसतं, पण मायक्रोवेव्ह बाहेर येत नाहीत. का?

जाळीची भोकं मिलिमीटरभर. १२ सेंटिमीटरच्या तरंगाला ती जाळी पत्र्यासारखीच वाटते. प्रकाशाचा तरंग भोकापेक्षा हजार पटींहून लहान, तो सहज निघून येतो.

१७. वारंवारता निम्मी केली की तरंगलांबी दुप्पट होते. हे सगळ्याच तरंगांना लागू आहे का?

वेग वारंवारतेवर अवलंबून नसेल, तरच. खोल समुद्रावरच्या लाटा हा याचा ठळक अपवाद. तिथे जितकी लांब लाट तितका जास्त वेग. ५ सेकंद आवर्तकालाची लाट सुमारे ३९ मीटर लांब असते, आणि १० सेकंदांची १५६ मीटर. आवर्तकाल दुप्पट झाला, पण तरंगलांबी चौपट. वेग = वारंवारता × तरंगलांबी हे सूत्र इथेही खरंच असतं, फक्त त्यातला वेग कायम राहत नाही.

पाणी उथळ झालं की नियम पुन्हा बदलतो. तिथे वेग फक्त खोलीवर ठरतो. उथळ म्हणजे किती, तर तरंगलांबीच्या विसाव्या भागापेक्षा कमी खोल. म्हणूनच त्सुनामीसाठी ४,००० मीटर खोल महासागरही उथळच. तिथे तिचा वेग ताशी ७०० किलोमीटरच्या पुढे असतो. १५ मिनिटं आवर्तकाल धरला, तर तरंगलांबी १७८ किलोमीटर येते. जहाजावरच्या माणसाला ती जाणवत नाही यात नवल नाही. किनाऱ्याजवळ खोली १० मीटर झाली की तीच तरंगलांबी ९ किलोमीटरच्या आत येते, आवर्तकाल तेवढाच राहतो, आणि आखडलेल्या जागेत दाटलेली ऊर्जा लाटेला उंच करते.

१८. धावणाऱ्या गाडीच्या भोंग्याची तरंगलांबी खरंच बदलते, की ऐकणाऱ्याला तसं वाटतं?

कोण हलतंय त्यावर आहे. गाडी हलत असेल, तर तरंगलांबी खरोखर बदलते. ३४० हर्ट्झचा भोंगा स्थिर असताना तरंगलांबी १ मीटर. गाडी सेकंदाला ३४ मीटरने धावू लागली की प्रत्येक नवा तरंग आधीच्याच्या जवळ सोडला जातो. पुढच्या बाजूला तरंगलांबी ०.९ मीटर होते, मागे १.१.

गाडी उभी असेल आणि तुम्ही तिच्याकडे धावत असाल, तर हवेतली तरंगलांबी १ मीटरच राहते. तुम्ही उंचवटे जास्त भराभर गाठता, म्हणून स्वर चढा ऐकू येतो. प्रकाशाच्या बाबतीत हा भेद उरत नाही. त्याला माध्यम लागत नाही, तिथे स्रोत आणि निरीक्षक यांचा परस्परांमधला वेगच काय तो मोजला जातो.

१९. एकाच लेझरची तरंगलांबी एका ठिकाणी ६३२.८ आणि दुसऱ्या ठिकाणी ६३२.९९ नॅनोमीटर दिली आहे. बरोबर कोणती?

दोन्ही. हीलियम-निऑन लेझरचा पहिला आकडा हवेतला, दुसरा निर्वातातला. हवेचा अपवर्तनांक सुमारे १.०००२७ असल्याने एवढा फरक पडतो. शाळेच्या प्रयोगात त्याची काळजी करू नका.

२०. मीटरची लांबीच एकेकाळी तरंगलांबीवरून ठरत होती म्हणतात. ते काय होतं?

१८९२-९३ मध्ये अल्बर्ट मायकेलसन यांनी पॅरिसजवळच्या मीटरच्या प्रमाण दांड्याची लांबी कॅडमियमच्या लाल प्रकाशाच्या तरंगलांब्यांमध्ये मोजली. एका मीटरमध्ये साडेपंधरा लाखांहून थोड्या जास्त भरल्या. दांडा झिजू शकतो, हरवू शकतो. अणूने सोडलेला प्रकाश मात्र सगळीकडे सारखाच असतो. म्हणून १९६० मध्ये मीटरची व्याख्याच बदलली: क्रिप्टॉन-८६ च्या नारिंगी-लाल प्रकाशाच्या निर्वातातल्या १६,५०,७६३.७३ तरंगलांब्या म्हणजे एक मीटर. १९८३ पासून ही व्याख्या नाही. आता प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा पक्का धरला आहे आणि मीटर त्यावरून निघतो.

२१. इलेक्ट्रॉनलाही तरंगलांबी असते, तर फेकलेल्या चेंडूला का नाही?

असते. १९२४ मध्ये लुई द ब्रॉग्ली यांनी मांडलं, की प्लांकच्या स्थिरांकाला (निसर्गातला एक ठरलेला, अतिशय लहान आकडा) संवेगाने, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराने, भागलं की कुठल्याही कणाची तरंगलांबी मिळते. ५४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची येते ०.१६७ नॅनोमीटर. हे मोजायला सीडीच्या खाचा फारच ढोबळ. पण स्फटिकातले अणूंचे थर साधारण एवढ्याच अंतरावर असतात. १९१२ मध्ये माक्स फोन लाउए यांच्या सूचनेवरून क्ष-किरणांसाठी स्फटिक असाच वापरला गेला होता. १९२७ मध्ये डेव्हिसन आणि जर्मर यांनी निकेलच्या स्फटिकावर इलेक्ट्रॉन सोडले, आणि ते परतले तेव्हा प्रकाशासारखेच ठरावीक कोनांत जास्त जोराने दिसले. पद्धत प्रश्न १२ मधलीच, फक्त सीडीच्या खाचांच्या जागी अणूंचे थर आले.

आता १५० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला ४० मीटरने फेका. संवेग ६ येतो आणि तरंगलांबी साधारण १० चा उणे ३४ वा घात मीटर. अणुकेंद्राचा आकार १० च्या उणे १५ व्या घाताच्या आसपास असतो. चेंडूची तरंगलांबी मोजायला अणुकेंद्राहूनही अब्जावधी पटींनी बारीक खाचांची जाळी हवी, आणि पदार्थापासून तशी जाळी घडवता येत नाही.